वहिनींना बघण्याचा कार्यक्रम

वहिनींना वहिनी म्हणायला सुरुवात केली ती त्यांच्या धाकट्या दिरांनी, आणि एकदा पडलेली हाक त्या घरात पुढे कोणी बदलली नाही. पुतण्यांनी काकांची ऐकून तीच उचलली, पोटच्या मुलाने पुतण्यांची ऐकून उचलली, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेला दुसरे काही म्हणता येते हे कोणी सांगितलेच नाही. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंना जन्मात कोणी 'आई' म्हटले नव्हते. त्याची खंत करीत बसायला त्यांना सवडही झाली नाही. दिरांची शिक्षणे, दिरांची लग्ने, आल्यागेल्याचे, दुखल्याखुपल्याचे, सगळे त्यांच्याच हातून पार पडले. आणि आपण खोलीत शिरलो की बसलेला माणूस उठून उभा राहतो, एवढ्यावर त्या समाधानी होत्या.

यजमान गेल्यावर मुलाने त्यांना परदेशी आपल्या घरी नेले. तिथली भाषा त्या कामापुरती शिकल्या. काम म्हणजे हुकूम सोडणे. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिंप्याने जिन्यात सायकल ठेवू नये आणि दूधवाल्याने बाटल्या वाजवू नयेत, हे त्या दोघांना त्यांच्याच भाषेत, क्रियापदांची मोडतोड करीत सांगत, आणि दोघेही मुकाट्याने ऐकत.

मुलाला मूल नव्हते. डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाल्यावर नवराबायकोने बालगृहातून मूल घरी आणायचे ठरवले, पण वहिनींच्या कानावर घालायचे कोणी, यावर त्यांच्या खोलीत बरेच दिवस कुजबुज चालली. अखेर जेवताना सुनेने जीव मुठीत धरून सांगून टाकले. मुलगा ताटात बघू लागला.

वहिनींनी तोंडातला घास सावकाश संपवला. "मग इतके दिवस कशाची वाट बघत होतात? मी मरायची?"

"तसं नाही वहिनी, तुम्हाला पटेल की नाही..."

"मला न पटायला काय झालं? घरात मूल हवं. ते कुठल्या दाराने येतं याच्याशी मला काय करायचंय. उद्या माझा कोट काढून ठेव."

बालगृह टेकडीच्या रस्त्यावर, बेकरीच्या मागच्या अंगाला होते. पिवळ्या भिंती, उंच खिडक्या, आणि आत पाऊल टाकताच उकडलेल्या बटाट्यांचा आणि साबणाचा एकत्र वास. संचालिका वहिनींच्याच वयाच्या, उंच, काटकुळ्या, बिनइस्त्रीच्या लोकरी जाकिटातल्या. वहिनींनी मनातल्या मनात त्यांचे नाव हेडमास्तरीण ठेवून दिले.

"आमची एक पद्धत आहे," संचालिका म्हणाल्या. "घरात ज्यांचा शब्द शेवटचा असतो, त्यांनी हिवाळाभर इथे येऊन काम करायचं. बिनपगारी, बाकी सगळे करतात तसं. तुमच्या घरी शेवटचा शब्द कोणाचा?"

मुलगा आणि सून, दोघांनीही एकमेकांकडे न बघता वहिनींकडे बघितले.

"वाटलंच मला," संचालिका म्हणाल्या. "या दोघांबद्दल माझी काही शंका नाही. प्रश्न तुमचा आहे. आमच्या मुलाला तुमच्या हाताखाली सुखाने राहता येईल असं मला वाटलं, तर मूल तुमच्याकडे येईल. नाही वाटलं तर येणार नाही."

परतीच्या वाटेवर सून खिडकीबाहेर बघत होती आणि तिची बोटे पर्सच्या बंदाला पीळ घालत होती. वहिनींनी ते पाहिले. आपली परीक्षा कोणी घ्यावी आणि तिच्यावर दुसऱ्याचे सुख टांगलेले असावे, हा अनुभव त्यांना या वयात नवा होता.

सोमवारी सकाळी त्या ठेवणीतली साडी नेसून, वर जाड कोट चढवून बालगृहाच्या दारात उभ्या राहिल्या. बेल वाजवली. आत काहीतरी खरखरत ओढल्याचा आवाज आला, आणि दाराच्या झरोक्यात दोन डोळे उगवले.

"कोण?"

"आजी."

"कोणाची?"

साधा प्रश्न होता, पण त्याला देण्याजोगे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

"दार उघड आधी," त्या म्हणाल्या.

दार उघडले. आत स्टुलावर सहा-सात वर्षांची, पुढचे दोन्ही दात पडलेली एक मुलगी उभी होती. बालगृहात प्रत्येक मुलाला एक काम नेमून दिलेले असे आणि त्या कामात दुसऱ्याने ढवळाढवळ केलेली चालत नसे. हिचे काम दार उघडण्याचे. "पाय पुसा," ती म्हणाली. वहिनींनी एक पाय पायपुसण्याला लावल्यासारखा केला. "दुसरा पण."

अशा पोरीला आमच्या घरात केव्हाच सरळ केले असते, असा विचार करीत वहिनी पुढे गेल्या आणि पहिल्याच दिवशी मोठी चूक करून बसल्या.

चूक तशी त्यांच्या हयातीच्या अनुभवातून आली होती. चारही दिरांसाठी मुली त्यांनीच बघितल्या होत्या, आणि चारही संसार उत्तम चालले होते. माणूस घरात आणायचे तर ते बघून, पारखून आणावे, यात त्यांना काही वावगे दिसत नव्हते. नाश्ता झाल्यावर त्यांनी भोजनगृहात मधोमध खुर्ची ओढून घेतली आणि मुलींना एकेक करून पुढे बोलावले. एकीला भिंतीपर्यंत चालायला लावले, एकीला सुईत दोरा ओवायला दिला, एकीला गाणे म्हणायला सांगितले. मुलांना हा खेळच वाटला. ती आपण होऊन रांगेत उभी राहिली, त्यात मुलगेही होते. एका गोलमटोल मुलाने तर दोनदा चालून दाखवले आणि तिसऱ्यांदाही आला. फक्त दारावरची मुलगी आली नाही. वहिनींनी तिला हाक मारली तेव्हा तिने लांबूनच सांगितले, "मला दार सोडता येत नाही."

दोन जाड वेण्यांची एक मुलगी मात्र वहिनींच्या मनात भरली. मान खाली, हात मागे, विचारल्याशिवाय शब्द नाही. हीच, असे त्यांनी ठरवूनही टाकले.

"हे काय चाललंय?" मागून संचालिकांचा आवाज आला.

"मुलगी बघते आहे. घरात न्यायची तर पारखून नको?"

संचालिकांनी मुलांना बाहेर पिटाळले आणि दार लोटून घेतले. "तुम्ही एकीला निवडलंत असं बाकीच्यांना समजलं, तर ती सगळी आज कोणत्या तोंडाने जेवायला बसतील? इथे मोठी माणसं मुलांना बघत नाहीत. मुलं मोठ्यांना बघतात. त्यांना वेळ लागतो. म्हणून तर सगळा हिवाळा ठेवलाय."

वहिनींनी नाकावर कधी माशी बसू दिली नव्हती. इथे तर हत्ती येऊन बसला. आणि वाईट हे, की बाई बोलत होत्या ते खरे होते.

"उद्यापासून तुम्ही बुटांच्या खोलीत," संचालिका म्हणाल्या. "मुलांकडे आपण होऊन जायचं नाही. ती आली तर येऊ द्यायची. आणि उद्या आला नाहीत तर मी समजेन."

घरी वहिनींनी कोट खुर्चीवर टाकला. "बुटांना पॉलिश करायला बसवलंय मला. मला." मुलाचे वर्तमानपत्र थरथरत होते, त्याआड तो हसत होता हे त्यांना दिसत होते. सून मात्र हसली नाही. "वहिनी, उद्या नाही गेलात तरी आम्ही काही..."

"नाही गेले तर? तुझं मूल कोण आणून देणार, पोस्टमन?"

आणि त्या दुसऱ्या दिवशी गेल्या.

बुटांची खोली पुढच्या दाराला लागूनच होती. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर खण, आणि ज्यांना अजून वाचता येत नव्हते त्यांच्या खणांवर चित्रे: होडी, किल्ली, मासा, छत्री. ओले बूट आले की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, चिखल सुकू देऊन मग ब्रशने झाडायचा, तळात रुतलेले खडे दाभणाने उकरायचे, नाडीचे टोक विस्कटले असेल तर मेणबत्तीवर धरून वळायचे. वहिनी पहिले दोन दिवस घुश्श्यात बसून राहिल्या. मग त्यांना खोलीची मांडणी खटकू लागली. मग त्यांनी ब्रश धुतले, पॉलिशच्या डब्या रंगांप्रमाणे लावल्या, फळ्या पुसल्या, आणि आठवडा संपायच्या आत ती खोली एखाद्या सराफाच्या पेढीसारखी दिसू लागली. काम अंगावर आले की ते अर्धवट करणे त्यांना जमतच नसे.

बूट बोलतात, हेही त्यांना कळले. गोलमटोल मुलाच्या डाव्या बुटात रोज एक गोटी सापडे; तो ती लपवून ठेवत होता आणि लपवल्याचे विसरत होता. जाड वेण्यांच्या मुलीच्या बुटांचे पुढचे चामडे पार खरवडलेले असे, कारण शांत दिसणारी ती मुलगी मागच्या अंगणात सर्वांत जोरात लाथ मारून चेंडू उडवीत असे. आपली पारख एवढी पोकळ निघावी याचे वहिनींना एकट्या बसल्या बसल्या हसू आले.

मुले नाड्या बांधून घ्यायला येऊ लागली. वहिनी बांधून देत नसत. गुडघ्याशी उभे करून शिकवीत. "असा फास, असा वळसा, ओढ. रडतोस काय? नाडी आहे, साप नाही." मुले रडायची थांबत, कारण त्यांना तो आवाज आवडू लागला होता.

दारावरची मुलगी मात्र येत नसे. ती रोज सकाळी स्टुलावर उभी राहून वहिनींना एकच प्रश्न विचारी, आणि उत्तर मिळेपर्यंत साखळी काढत नसे.

"तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"नाही. मुलगा आहे, तो पुरे."

दुसऱ्या दिवशी, "तुम्ही झोपेत घोरता?"

"छे."

त्या रात्री जेवताना वहिनींनी सहज म्हणून विषय काढला. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघू लागले. "वहिनी," मुलगा म्हणाला, "खालचे शिंपीकाका विचारत होते, वर कोणी रात्रीचं शिवणयंत्र चालवतं का."

सकाळी झरोक्यात डोळे दिसताच, प्रश्न यायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, "घोरते. काल चुकीचं सांगितलं."

साखळी लगेच निघाली. त्या दिवशी प्रश्न झाला नाही.

एकदा तिने विचारले, "तुम्हाला कोण रागावतं?"

"मला? मला रागवायची कोणाची छाती आहे?"

मुलगी विचारात पडली. "मग तुमचं चुकलं की तुम्हाला कळतं कसं?"

वहिनी बुटांच्या खोलीत जाऊन बसल्या आणि बराच वेळ एकाच बुटाला पॉलिश करीत राहिल्या.

हिवाळा सरत आला तशी सुनेची झोप उडाली. ती रोज संध्याकाळी दारातच विचारी, "त्या काही म्हणाल्या?" आणि वहिनी रोज नाही म्हणत. संचालिका खरोखरच काही म्हणत नव्हत्या. येताजाता खोलीत डोकावत, फळ्यांवरून नजर फिरवत आणि निघून जात. पूर्वी वहिनींनी सरळ सवाल केला असता. आता त्यांना विचारण्याची भीती वाटत होती, आणि ही भीती स्वतःसाठी नाही हेही त्यांना उमजत होते.

मग एक दिवस असा आला की सकाळपासून पाऊस कोसळत होता, रस्त्यावर पाणी साचले होते आणि वहिनी आत आल्यावर बाहेरचे फाटकच बंद करून घेतले होते. आज आणखी कोणी येणार नव्हते. कोंडलेली मुले एकेक करीत बुटांच्या खोलीत जमली. सर्वांत शेवटी दारावरची मुलगी आली, आपले स्टूल ओढत. तिने ते खोलीच्या मधोमध ठेवले.

"बसा."

"का?"

"तुम्ही सगळ्यांना बघत होतात तेव्हा मी दारावर होते. माझं राहिलं."

"बरं," वहिनी स्टुलावर बसत म्हणाल्या. "मग चालून दाखव."

"मी नाही. तुम्ही."

चाळीस माणसांच्या पंगती उठवणाऱ्या त्या बाईंनी समोरच्या चिमुरड्या तोंडांकडे पाहिले. मग कमरेवर हात देऊन उठल्या आणि छत्रीच्या खणापर्यंत चालत गेल्या. गुडघे कुरकुरले. गोलमटोल मुलगा त्यांच्या मागोमाग तसाच डुलत चालू लागला आणि सगळी खोली हसू लागली. वहिनी वळल्या. "माझ्यासारखं चालायचं तर पाठ ताठ ठेव. मी वाकून चालते का?" त्याने पाठ ताठ केली आणि दोघे रुबाबात परत आले.

"आता गाणं," मुलगी म्हणाली.

वहिनींना गाणे येत नव्हते. त्यांच्या गळ्याची कीर्ती अशी, की घरात कोणी तान्हे असले तर त्याला निजवण्याचे काम हटकून दुसऱ्याकडे जाई. पण बसलेल्या सभेला नाही म्हणणे त्यांच्या रक्तात नव्हते. लहानपणी छडीच्या धाकाने सुरात पाठ केलेली एकच गोष्ट त्यांना येत होती. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि मायबोलीत सुरू केले.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

दहापर्यंत पाढा संपला. असे भारदस्त गाणे मुलांनी कधी ऐकले नव्हते. "पुन्हा," कोणीतरी म्हणाले. वहिनींनी पुन्हा म्हटले. तिसऱ्या खेपेला मुले 'सत्त्याऐंशी'वर टाळी देऊ लागली, कारण तिथे सूर वर चढत होता. जाड वेण्यांच्या मुलीने विचारले, "हे दुःखाचं गाणं आहे का?"

"शिकताना होतं," वहिनी म्हणाल्या.

"शांत बसा," दारावरच्या मुलीने सभेला बजावले. तिच्या हातात सुई आणि दोरा होता. "आता हे."

वहिनींनी कोटाचे खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी सुई उजेडाकडे धरली, दोरा पुढे केला; तो बाजूने गेला. पुन्हा केला, पुन्हा गेला. मुले श्वास रोखून पुढे झुकली. समोर पोरे होती, पण वहिनींच्या डोळ्यांपुढे पर्सच्या बंदाला पीळ घालणारी सुनेची बोटे होती. तिसऱ्यांदा त्यांनी दोरा उचलला आणि खाली घेतला.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तू ओवून दे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून यापूर्वी कधी निघाले असेल तर ते त्यांनाही आठवत नव्हते.

मुलगी जवळ आली. दात नसल्यामुळे तिला दोरा ओला करायला ओठांचाच चिमटा करावा लागला. तिने एक डोळा मिटून दोरा ओवला आणि सुई वहिनींच्या हातात न देता त्यांच्या कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली, हरवू नये म्हणून.

"मग?" वहिनींनी विचारले. आवाजात हुकूम नव्हता. "पसंत?"

"एवढ्यात कसं सांगणार?" मुलगी म्हणाली. "वेळ लागतो."

दाराआड संचालिका उभ्या होत्या. त्यांनी जाकिटाची बाही तोंडावर धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते.

त्यानंतर बालगृहातली मुले एकोणतिसाच्या पाढ्यावर दात घासू लागली. सत्त्याऐंशीला चूळ भरायची, असा नियमही आपोआप पडला.

पुढच्याच आठवड्यात संचालिकांचे बोलावणे आले, तिघांनाही. मुलाने इस्त्रीचा सदरा घातला, सुनेने दोनदा साडी बदलली. दारात वहिनी पुढे झाल्या. झरोक्यात डोळे आले.

"तुमच्या घरी दार कोण उघडतं?"

वहिनींनी मागे वळून पाहिले. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. काहीतरी छान सांगावे, असे क्षणभर त्यांच्या मनात आले. मग त्यांना शिवणयंत्र आठवले.

"वेळेवर कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "हा फोनवर असतो, हिला स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, आणि मी गुडघे सांभाळत पोचेपर्यंत आलेला माणूस कंटाळून निघून जातो."

झरोक्यातले डोळे गंभीर झाले. "हे बरोबर नाही."

"नाहीच."

साखळी निघाली. तिघांनी नीट पाय पुसले, आणि मुलगी स्टूल तसेच टाकून त्यांच्या आधी संचालिकांच्या खोलीकडे धावत गेली. दार सोडून. वहिनींनी ते पाहिले.

आत गेल्यावर संचालिकांनी सगळ्यांना बसवले. "ही आत्ता येऊन मला सांगून गेली," त्या म्हणाल्या, "की तुमच्या घरी दाराचे फार हाल आहेत आणि तिथे माणसाची गरज आहे. आपण जायला तयार आहोत, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं नाही."

सून रडू लागली आणि मुलगा तिला रुमाल द्यायचा सोडून स्वतःचेच डोळे पुसू लागला. वहिनी ताठ बसल्या होत्या. "पहिल्या दिवशी तुम्ही मला काढूनच टाकणार होतात," त्या म्हणाल्या.

"होते."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी आलात. इथून रागावून गेलेली माणसं सहसा येत नाहीत." संचालिका थांबल्या. "बुटांच्या खोलीचं मात्र आता कसं करायचं ते मला सुचत नाही."

"सुचायचं काय त्यात? मंगळवारी आणि शुक्रवारी मी आहे."

निघायच्या दिवशी त्या मुलीने आपले काम रीतसर सोपवले. नव्या मानकरणीला, म्हणजे जाड वेण्यांच्या मुलीला, तिने स्टुलावर चढवून बजावले, "सगळ्यांना पाय पुसायला लावायचं. संचालिकांना पण." वेण्या होकारार्थी हलल्या; मान मात्र आता वर होती.

पहिल्या शुक्रवारी वहिनी बालगृहातून परतल्या, तेव्हा वाटेत बाजार केल्यामुळे हातात जड पिशवी होती. जिन्यात शिंपीकाकांची सायकल नेहमीसारखी आडवी होती. आज त्या तिला वळसा घालून वर चढल्या. कोटाच्या खिशात घराची किल्ली होती. त्यांनी ती चाचपली, तशीच राहू दिली आणि बेल वाजवली.

आत काहीतरी खरखरत ओढल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातला लाकडी पाट असावा.

"कोण?"

"आजी."

"कोणाची?"

"तुझी. उघड आता, पिशवी जड आहे."

दार उघडले. मुलीने पिशवीकडे पाहिले, मग खाली पाहिले.

"आधी पाय पूस."

वहिनींनी पिशवी भिंतीला टेकवली, दाराच्या चौकटीचा आधार घेतला आणि दोन्ही पाय पुसले.